२^६४ − १ : एका वीस अंकी संख्येच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

संख्या: १८४४६७४४०७३७०९५५१६१५. स्वल्पविराम देऊन १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. परार्ध म्हणजे १० चा १७ वा घात धरला, तर १८४ परार्धांहून थोडी जास्त. पुढे सगळीकडे हिला 'म' म्हणायचं. म = २^६४ − १. (घातांकासाठी ^ हे चिन्ह वापरतो आहे.)

काय करायचं आहे: म चे सगळे मूळ अवयव, सगळे विभाजक, प्रत्येक विभाजक कुठून आला याचा हिशेब. शेवटी या अवयवांचा एक खरा उपयोग, म्हणजे ६४ बिटांचं शिफ्ट रजिस्टर (दर पावलाला बिटं एकेक घर सरकवणारी रचना) पूर्ण आवर्तन घेतं का, याची तपासणी. संगणकाला विचारलं तर अवयव क्षणात मिळतात, पण ते तसेच का आहेत हे त्यातून कळत नाही. म्हणून जे कागदावर होण्यासारखं आहे ते कागदावरच, आणि संगणक पडताळ्यापुरता.

हीच संख्या का? कारण ती फार ठिकाणी भेटते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट, या गोष्टीतली एकूण बेरीज म्हणजे म. अल-बिरुनीने सुमारे १००० साली ती शेवटच्या अंकापर्यंत बरोबर दिली होती. एद्वार ल्युकाच्या १८८३ च्या हनोई मनोऱ्याच्या कोड्यात ६४ चकत्या हलवायला कमीत कमी म चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,४५४ कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या आजच्या वयाच्या चाळीस पटींहून जास्त. आणि संगणकात चिन्हविरहित ६४ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच.

एवढी ओळखीची असून तिच्या अंतरंगाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. लोक ती किती मोठी आहे हे सांगून थांबतात.

५ जानेवारी

वरवरची पाहणी. अंक वीस, बेरीज ८७. म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. शेवटचा अंक ५, म्हणून ५ ने जातो. शेवटचे दोन अंक १५, म्हणून २५ ने जात नाही. शून्यापासून नवापर्यंतच्या अंकांत फक्त २ हा अंक एकदाही येत नाही. गंमत म्हणून ठीक, पण हा दशमान लेखनाचा योगायोग आहे, संख्येचा गुण नव्हे. द्विमान पद्धतीत लिहिली की ती सलग ६४ एक असते, आणि हा मात्र तिचा खरा चेहरा आहे.

प्रोग्रामिंगसाठी दोन गोष्टी आधीच ठरवून टाकल्या. नेहमीच्या दशांश-चिन्हाच्या प्रकारात, म्हणजे डबलमध्ये, ५३ बिटांचीच अचूकता असते. तिथे म ठेवली की ती पूर्णांकित होऊन २^६४ होते, म्हणजे म आणि म + १ यांत फरकच उरत नाही. तेव्हा सगळं काम पूर्णांकांत. ६४ बिटांच्या पूर्णांकात म मावते, पण म + १ केलं की शून्य येतं. गुणाकार करून बाकी काढायची असेल तर मधला गुणाकार १२८ बिटांचा धरावा लागेल.

८ जानेवारी

पहिले अवयव. शाळेतलं सूत्र पुरतं: अ² − ब² = (अ − ब)(अ + ब).

२^६४ − १ = (२^३२ − १)(२^३२ + १). डाव्या कंसावर तेच सूत्र पुन्हा, मग पुन्हा, थेट २ − १ = १ येईपर्यंत. उरतं ते असं:

म = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

सहाच्या सहा अवयव २^(२^क) + १ या साच्याचे, म्हणजे फर्मा संख्या. त्यांना फ०, फ१, … फ५ म्हणू. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचा वर्ग करून मिळते (एक वजा करा, वर्ग करा, एक मिळवा). इतकी नियमित शिडी क्वचितच बघायला मिळते.

यातून आणखी एक गोष्ट आपोआप हाती लागते. फ० ते फ४ यांचा गुणाकार २^३२ − १, म्हणजे फ५ − २. कुठल्याही पायरीला हेच लागू आहे. म्हणून दोन वेगळ्या फर्मा संख्यांचा एखादा सामाईक मूळ विभाजक असेल तर त्याने २ ला भाग जायला हवा. पण या सगळ्या संख्या विषम आहेत. तेव्हा कोणत्याही दोन फर्मा संख्या परस्परांशी सहमूळ, म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या. ऑयलरला लिहिलेल्या १७३० च्या एका पत्रात गोल्डबाखने हे दाखवलं होतं.

३, ५, १७, २५७ मूळ आहेत हे डोळ्यांनी दिसतं. ६५५३७ साठी २५६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. कोणी भागत नाही. राहिली फ५ = ४२९४९६७२९७.

११ जानेवारी

आजचा दिवस फ५ चा.

फर्माने १६४० मध्ये लिहिलं की या साच्याच्या सगळ्या संख्या मूळ असाव्यात असं त्याला वाटतं. सिद्धता आपल्याकडे नाही हेही त्याने मान्य केलं होतं. पहिल्या पाच मूळ आहेतच. ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं की सहावी मूळ नाही: तिला ६४१ ने भाग जातो.

मला उत्तर माहीत होतं, पण ६४१ पर्यंत पोचायचं कसं हे स्वतः चालून बघायचं होतं. समजा प ही मूळ संख्या फ५ ला भागते. मग प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१, आणि २^६४ ची बाकी १. म्हणजे २ चे घात बरोबर ६४ पावलांनी पहिल्यांदा १ वर येतात, त्याआधी नाही. फर्माच्याच छोट्या प्रमेयानुसार ही पावलं प − १ ला पूर्ण भागतात. म्हणून प = ६४क + १.

आता शोध किती आकसतो पाहा. या साच्याच्या मूळ संख्या ओळीने: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. बस. २५७ तर फ३ आहे आणि ती फ५ शी सहमूळ, म्हणून ती बाद. उरलेल्यांसाठी २^१६ = ६५५३६ ची बाकी काढून तिचा वर्ग करायचा:

१९३ साठी: बाकी १०९, वर्गाची बाकी १०८. नाही.
४४९ साठी: बाकी −१८, वर्ग ३२४. नाही.
५७७ साठी: बाकी ३३५, वर्गाची बाकी २८७. नाही.
६४१ साठी: ६५५३६ − ६४१ × १०२ = १५४. १५४ चा वर्ग २३७१६. आणि ६४१ × ३७ = २३७१७.

एकाने कमी! म्हणजे बाकी −१, आणि फ५ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार ६७००४१७.

चौथ्या भागाकारात काम झालं. हे फर्माच्या अगदी हाताशी होतं, कारण लागणारं प्रमेय त्याचंच आणि १६४० सालचंच. तरी त्याच्या डोळ्यांतून ते सुटलं. मला यात त्याचा कमीपणा दिसत नाही. पाच पायऱ्या इतक्या सरळ चढल्या की सहावीवर शंका घ्यायला वेगळंच मन लागतं.

ल्युकाने १८७८ मध्ये यात सुधारणा केली. प ला ८ ने भागून बाकी १ येते, म्हणून प च्या हिशेबात (म्हणजे प ने भागून उरणाऱ्या बाक्यांत) २ हा कुणाचा तरी वर्ग असतो. त्या 'कुणाचा तरी' चे घात मग १२८ पावलांनी १ वर येतात. तेव्हा प = १२८क + १. या चाळणीतून ६४१ पर्यंत फक्त २५७ आणि ६४१ एवढ्याच मूळ संख्या उरतात. २५७ बाद, की पहिलाच प्रयत्न ६४१.

आणि ज्यांना भागाकारही नको त्यांच्यासाठी: ६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४. ६४१ च्या हिशेबात ५ × २^७ म्हणजे −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ = १. पण ५^४ म्हणजे −२^४. म्हणून −२^३२ = १. संपलं. दोन ओळींची इतकी नेटकी सिद्धता मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

१२ जानेवारी

६७००४१७ मूळ आहे का? वर्गमूळ २५८८ आणि २५८९ च्या मध्ये. एरवी तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागावं लागलं असतं. पण ही फ५ चा विभाजक आहे, म्हणून हिचे मूळ अवयवही १२८क + १ साच्याचेच. २५८८ पर्यंत अशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. सात अंकी संख्येचं मूळपण पाच भागाकारांत.

पूर्ण यादी:

म = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात अवयव, सगळे वेगळे, एकही दोनदा नाही.

१५ जानेवारी

फ५ मूळ नाही याची आणखी एक सिद्धता, पूर्ण वेगळ्या वाटेने. ऑयलरनेच दाखवलेलं तत्त्व: मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येत असेल तर ती एकाच प्रकारे मांडता येते. दोन प्रकार सापडले की संख्या संयुक्त.

फ५ चा एक प्रकार समोरच आहे: ६५५३६² + १². दुसरा हवा.

६४१ = २५² + ४², हे तर वरच्या ५^४ + २^४ मध्येच होतं. ६७००४१७ साठी छोटा प्रोग्राम लावला: एकेक वर्ग वजा करत जा आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का बघ. २५५६² + ४०९² मिळालं. आता दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, तोही दोन प्रकारे. ब्रह्मगुप्ताच्या (इ.स. ६२८) 'भावना' नावाच्या गुणाकाराच्या रीतीचंच हे रूप आहे. आडवे-उभे गुणाकार मांडले:

२५ × २५५६ = ६३९००, ४ × ४०९ = १६३६
२५ × ४०९ = १०२२५, ४ × २५५६ = १०२२४

एका जोडीत बेरीज आणि दुसरीत वजाबाकी घेतली: ६३९०० + १६३६ = ६५५३६ आणि १०२२५ − १०२२४ = १. ही आपली जुनी मांडणी.

उलट घेतली: ६३९०० − १६३६ = ६२२६४ आणि १०२२५ + १०२२४ = २०४४९. ही नवी.

पडताळा: ६२२६४² = ३८७६८०५६९६, २०४४९² = ४१८१६१६०१, बेरीज ४२९४९६७२९७. जुळलं.

त्या १०२२५ आणि १०२२४ कडे मी बराच वेळ बघत बसलो. फ५ च्या मांडणीतला तो साधा १² या दोन पाच अंकी संख्यांमधला एकाचा फरक आहे.

म स्वतः मात्र दोन वर्गांच्या बेरजेत बसत नाही, कारण तिच्यात ३ एकदाच आला आहे.

१९ जानेवारी

विभाजकांची यादी. सात वेगळे मूळ अवयव, प्रत्येक घ्या किंवा सोडा, म्हणून २^७ = १२८ विभाजक. चढत्या क्रमाने सुरुवात:

१, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७, ६४१, ७७१, १२८५, १९२३, ३२०५, ३८५५, ४३६९, …

मधली जोडी बघण्यासारखी आहे. म = (२^३२)² − १, म्हणून अगदी मध्यावरचे दोन विभाजक ४२९४९६७२९५ आणि ४२९४९६७२९७. फरक फक्त दोनाचा. चौरसापासून इतकी जवळ असलेली आणि तरी पूर्ण वर्ग नसलेली संख्या.

सगळ्या विभाजकांची बेरीज म च्या सुमारे १.७०३ पट येते. स्वतः म वगळली तर ०.७०३ पट, म्हणजे संख्या न्यून प्रकारची. याहून जास्त काही त्यात मिळालं नाही.

पण यादीची सुरुवात पुन्हा वाचा: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७. ही ओळ मला दुसरीकडून माहीत आहे. पास्कलचा त्रिकोण घ्या, प्रत्येक विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा. वरची ओळ शून्यावी धरू.

ओळ ०: १ → १
ओळ १: ११ → ३
ओळ २: १०१ → ५
ओळ ३: ११११ → १५
ओळ ४: १०००१ → १७
ओळ ५: १, ५, १०, १०, ५, १ → ११००११ → ५१

तंतोतंत तीच. कारण असं: सम-विषमाच्या हिशेबात (१ + क्ष)² = १ + क्ष², कारण मधलं २क्ष सम म्हणून गळतं. तसंच पुढे चौथ्या, आठव्या घातासाठी. ओळ क्रमांक ५ = ४ + १, म्हणून (१ + क्ष)^५ चं रूप (१ + क्ष^४)(१ + क्ष). हे उलगडताना दोन पदं एकमेकांवर कधीच पडत नाहीत, कारण प्रत्येक घातांकाची द्विमान मांडणी एकमेव आहे. आता क्ष च्या जागी २ ठेवा: १७ × ३ = ५१. थोडक्यात, ओळीचा क्रमांक द्विमानात लिहा, जिथे १ आहे तिथली फर्मा संख्या उचला, गुणाकार करा.

६३ = ३२ + १६ + ८ + ४ + २ + १. सहाही बिटं एक. म्हणजे फ० ते फ५ सगळ्यांचा गुणाकार. म ही पास्कलच्या त्रिकोणाची ६३ वी ओळ आहे! त्या ओळीत ६४ संख्या आहेत आणि सगळ्या विषम.

यावरून: ० ते ६३ या प्रत्येक ओळीची संख्या म चा विभाजक. फर्मा संख्या सहमूळ असल्याने या चौसष्टही वेगळ्या. म्हणजे १२८ पैकी नेमके निम्मे विभाजक पास्कलच्या त्रिकोणातून येतात. उरलेले ६४ कोणते? ज्यांत ६४१ आहे पण ६७००४१७ नाही, किंवा उलट. चढत्या यादीत पहिले नऊ विभाजक त्रिकोणाच्या ओळी ० ते ८ आहेत, आणि दहावा, ६४१, हा त्रिकोणात न बसणारा पहिला.

हिशेब असा लागला. निम्मे विभाजक शिडीचे, निम्मे फ५ फुटल्यामुळे आलेले. फर्माचं म्हणणं खरं असतं तर म ला ६४ च विभाजक असते आणि ते सगळे त्रिकोणात सापडले असते.

२० जानेवारी

कालच्या नोंदीला पुरवणी. ओळ १ ते ३१ च्या संख्या म्हणजे पाच ज्ञात फर्मा मूळ संख्यांचे सगळे गुणाकार: ३, ५, १५, … ४२९४९६७२९५. फक्त पट्टी आणि कंपासने काढता येणाऱ्या, विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांची आज माहीत असलेली पूर्ण यादीही हीच, एकूण ३१. गाऊसने १७९६ मध्ये सतरा बाजूंचा बहुभुज काढता येतो हे दाखवलं, आणि याशिवायचे जमणार नाहीत हे वांत्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केलं. त्रिकोण आणि ही यादी बत्तिसाव्या ओळीवर वेगळ्या होतात, कारण तिथे फ५ येते. फ५ ते फ३२ सगळ्या संयुक्त आहेत हे आता माहीत आहे.

२५ जानेवारी

१ ते म मधल्या किती संख्या म शी सहमूळ आहेत, म्हणजे ऑयलरचं फाय फल.

आधी २^३२ − १ साठी: २ × ४ × १६ × २५६ × ६५५३६ = २^३१. अचूक निम्म्या, एकाचाही फरक नाही (२^३२ च्या निम्म्या). फ५ मूळ असती तर म साठीही अचूक २^६३ आलं असतं. प्रत्यक्षात ४२९४९६७२९६ च्या जागी ६४० × ६७००४१६ येतं.

फाय(म) = २^४५ × ३ × ५ × १७४४९ = ९२०८९८१६२८६७०४४३५२०

२^६३ पेक्षा हे १४३९०४०८१८४३३२२८८ ने कमी. ही तूट ताळ्यासाठी वेगळ्या मार्गानेही काढली: २^३१ × (६४१ + ६७००४१७ − २). तीच आली. गुणोत्तर सुमारे ०.४९९२. तो ३ × ५ × १७४४९ चा विषम भाग म्हणजे ६४१ ने सोडलेली खूण. तो नसता तर फाय(म) शुद्ध २ चा घात झाला असता.

२६ जानेवारी

१/६४१ द्विमानात लिहून काढला. आवर्तन ६४ बिटांचं, आणि आवर्ताची किंमत म ÷ ६४१ = २८७७८०७१८७७८६२०१५. पहिली ३२ बिटं:

०००००००० ०११००११० ००११११०१ १०००००००

पुढची ३२:

११११११११ १००११००१ ११००००१० ०१११११११

दुसरा अर्धा हा पहिल्याची बरोब्बर उलट प्रत, शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. कारण २^३२ ची ६४१ ने बाकी −१ आहे, म्हणून अर्ध्या वाटेवर सगळं चिन्ह बदलून पुन्हा सुरू होतं. पहिला अर्धा म्हणजे ६७००४१६, आपलाच अवयव उणे एक.

१ फेब्रुवारी

उपयोगाचा भाग. ६४ बिटांचं शिफ्ट रजिस्टर: स्थिती एक घर डावीकडे सरकवा, बाहेर पडलेलं बिट १ असेल तर उरलेल्या स्थितीवर २७ चा एक्सॉर करा (दोन बिटं वेगळी तिथे १, सारखी तिथे ०). २७ म्हणजे ११०११, कारण बहुपदी क्ष^६४ + क्ष^४ + क्ष^३ + क्ष + १ घेतली आहे. शून्य सोडून कुठल्याही स्थितीपासून निघालं तर हे रजिस्टर सगळ्या म स्थितींतून फिरून परत येतं का?

चालवून बघण्यात अर्थ नाही. सेकंदाला १०० कोटी पावलं टाकली तरी एका फेरीला सुमारे ५८४ वर्षं लागतील.

अवयव इथे कामाला येतात. प्रत्येक पाऊल म्हणजे क्ष ने गुणणं आणि वरच्या बहुपदीने भागून बाकी ठेवणं (सम-विषमाच्या हिशेबात). क्ष चा वर्ग सलग ६४ वेळा करून पुन्हा क्ष आला, तर क्ष^म = १, म्हणजे आवर्तनाची लांबी म चा विभाजक आहे. १२८ विभाजकांपैकी नेमका कोणता? ती लांबी म पेक्षा कमी असेल तर म ला सातांपैकी कुठल्या तरी एका मूळ अवयवाने भागून येणाऱ्या संख्येला ती भागेल. म्हणून सातच तपासण्या: क्ष^(म/३), क्ष^(म/५), … क्ष^(म/६७००४१७). एकही १ येता कामा नये.

६४१ चं मोल इथे कळतं. फ५ मूळ आहे असं धरून चाललो असतो तर म/फ५ एवढीच तपासणी केली असती, आणि म/६४१ लांबीचं तोकडं आवर्तन चाळणीतून सुटू शकलं असतं.

२ फेब्रुवारी

तपासणी झाली. ६४ वर्गांनंतर क्ष परत आला. सातही घात १ पेक्षा वेगळे. आवर्तन पूर्ण, लांबी म. बहुपदी प्रिमिटिव्ह, म्हणजे पूर्ण आवर्तन देणारी. संगणकाला लागलेला वेळ मोजण्याइतकाही नाही.

अशा बहुपदी किती? फाय(म) ÷ ६४ = १४३८९०३३७९४७९७५६८०. ६४ घाताच्या, शेवटी १ असलेल्या एकूण बहुपदी २^६३ आहेत, म्हणजे साधारण चौसष्टांत एक. तेव्हा डोळे मिटून उचलत आणि तपासत गेलं तरी लवकरच एखादी सापडते.

८ फेब्रुवारी

पुढची वही २^१२८ − १ ची. ती म × (२^६४ + १) आहे, म्हणजे म ला म + २ ने गुणलेली. म + २ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७ = फ६. फॉर्त्युने लांद्रीने १८८० मध्ये तिचे अवयव प्रसिद्ध केले: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१.

लहान अवयव हातानेच तपासला. २७४१७७ = १०७१ × २५६ + १, साचा बरोबर. २^३२ ची बाकी −१५४०९. तिचा वर्ग २३७४३७२८१. आणि २७४१७७ × ८६६ = २३७४३७२८२.

इथेही एकाने कमी, म्हणून बाकी −१. या वहीतल्या अवयवांची गाठोडी तशीच पुढे न्यायची आहेत. नऊ मूळ अवयव, ५१२ विभाजक, आणि पास्कलची १२७ वी ओळ. मात्र यावेळी त्रिकोणातून येणारे विभाजक १२८ च, म्हणजे निम्मे नाहीत, पाव. ६७२८०४२१३१०७२१ चं मूळपण कागदावर कसं दाखवायचं हा पहिला प्रश्न. वर्गमूळ ८२ लाखांच्या पुढे, आणि २५६क + १ ची चाळणी लावली तरी भागाकार हजारोंत जातील.